हाताने चालते, सॉफ्टवेअरमधून चालत नाही: बाहेरच्या स्क्रिप्टचं दुखणं शोधताना

तक्रार नेहमी एकाच सुरात येते: "टर्मिनलवर चालवली तर मस्त चालते, बटण दाबलं की काहीच होत नाही भो." कधी ती जळगाव एमआयडीसीतल्या दाळ मिलमधून येते, कधी चोपड्याच्या जिनिंगवरून, कधी रावेर-सावद्याकडच्या केळी खरेदीच्या ऑफिसातून. सामानही थोड्याफार फरकाने तेच असतं. भुईकाट्याजवळ एक विंडोज पीसी, तो प्रत्येक गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन सीएसव्ही फाइलमध्ये टाकतो. ऑफिसात किंवा भाड्याच्या सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट, म्हणजे खरेदी-विक्री-साठ्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर. मध्ये एक स्क्रिप्ट, जी वजनं उचलून खरेदीच्या नोंदी करते. शेवटी अकाउंटंटसाठी टॅली.

स्क्रिप्टमधला कोड बदलायला घेऊ नका. ती हाताने चालते म्हणजे कोड बहुतेक बरोबरच आहे. बदललेलं असतं ते बाकी सगळं: ती कोणाच्या नावाने चालते, कोणत्या फोल्डरमध्ये उभी राहून चालते, तिला कोणते पाथ (फाइली आणि प्रोग्रॅमचे पत्ते) माहीत आहेत, तिचं आउटपुट कोण वाचतंय आणि घड्याळात किती वाजलेत. या पाचांपैकी एक तरी तुमच्या टर्मिनलपेक्षा वेगळं निघतंच. (खालच्या कमांड देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

आधी हेर पाठवा

मूळ स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि तिच्या जागी, त्याच बटणाला किंवा त्याच शेड्यूलला, ही चिमुकली स्क्रिप्ट लावा:

#!/बिन/एसएच
एक्झेक >> /व्हार/लॉग/काटा/तपास.लॉग २>&१
डेट; आयडी; पीडब्ल्यूडी; युमास्क; लोकॅल
एन्व्ह | सॉर्ट

लॉगचं फोल्डर आधी बनवून त्याची मालकी सॉफ्टवेअर ज्या युजरने चालतं त्याला द्या, नाहीतर हेरच दारात अडेल. लॉग /टीएमपी मध्ये टाकू नका. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) काही सर्व्हिसेसना प्रायव्हेट-टीएमपी लावलेलं असतं. मग फाइल तयार होते, पण त्या सर्व्हिसच्या खासगी टीएमपीमध्ये, आणि तुम्ही बाहेर शोधत बसता.

आता हीच स्क्रिप्ट हाताने चालवून दुसऱ्या फाइलमध्ये आउटपुट घ्या आणि दोन्ही फाइलींवर डिफ मारा, म्हणजे फरक दिसेल. दहापैकी सात-आठ केसेस इथेच मिटतात. एन्व्हच्या आउटपुटमध्ये पासवर्ड आणि टोकन असू शकतात, तेव्हा तो लॉग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका आणि काम झालं की पुसा.

हेर बोलला की तीच परिस्थिती टर्मिनलवर उभी करता येते:

सुडो -यू फ्रॅपे एन्व्ह -आय पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी '/ऑप्ट/काटा/आयात.एसएच'

इथे फ्रॅपे म्हणजे ईआरपीनेक्स्ट ज्या युजरने चालतं तो. एन्व्ह -आय सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल काढून घेतं. या उघड्या अवस्थेत स्क्रिप्ट चालली तर ती सॉफ्टवेअरमधूनही चालण्याची शक्यता बरीच. इथे पडली तर एरर तुमच्या डोळ्यांसमोर पडते, लॉग धुंडाळावा लागत नाही.

पाथ, परवानगी आणि नोटपॅड

बाहेर पडताना स्क्रिप्टने दिलेला कोड बघा. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. १२७ आला की पाथ तपासा. अनेकजण .बॅशआरसी मध्ये शेवटी एक्स्पोर्टची ओळ घालतात आणि निश्चिंत होतात. उबुंटूच्या .बॅशआरसी मध्ये सुरुवातीलाच एक तपासणी आहे: समोर माणूस बसलेला नसेल तर तिथूनच परत फिर. म्हणजे स्क्रिप्टमधून ती फाइल मुद्दाम सोर्स केली तरी तुमची खालची ओळ वाचलीच जात नाही. उपाय कंटाळवाणा पण पक्का: प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ लिहा. पायथन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला असेल तर अ‍ॅक्टिव्हेट करण्याच्या फंदात न पडता थेट /ऑप्ट/काटा/एन्व्ह/बिन/पायथन लिहा.

फाइलींचंही तसंच. 'डेटा/आज.सीएसव्ही' असा अर्धा पाथ तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असता तिथून मोजला जातो. ईआरपीनेक्स्टमधून चालवताना तो सहसा बेंचच्या (ईआरपीनेक्स्ट बसवण्या-चालवण्याच्या साधनाच्या) साइट्स फोल्डरमधून, विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा सोडला तर सिस्टम३२ मधून. नवीन फाइल तयार होते, एररही येत नाही, फक्त ती फाइल कुठे गेली ते कळत नाही. अशा हरवलेल्या सीएसव्ही सिस्टम३२ मध्ये ढिगाने सापडतात.

१२६ किंवा 'परमिशन डिनाइड' आलं की लोक चमॉड ७७७ मारतात, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. ते करू नका, आणि बऱ्याचदा त्याने काही होतही नाही, कारण अडथळा फाइलीवर नसून वरच्या एखाद्या फोल्डरवर असतो. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीने बनतं, म्हणजे दुसऱ्या युजरला आत पाय टाकता येत नाही. स्क्रिप्ट तुमच्या होममध्ये असेल तर फ्रॅपे युजर तिथवर पोचणारच नाही, फाइलीला ७७७ असो की आणखी काही. 'नेमाय -एल' आणि पुढे पूर्ण पाथ द्या, प्रत्येक पायरीची परवानगी ओळीने दिसते. स्क्रिप्ट /ऑप्ट मध्ये हलवा, प्रश्न संपला.

'बॅड इंटरप्रिटर' हा तिसरा पाहुणा. काट्यावरच्या पीसीत नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट दुरुस्त केली की ओळींच्या शेवटी विंडोजचं जादाचं अदृश्य अक्षर चिकटू शकतं आणि लिनक्स '/बिन/बॅश' ऐवजी '/बिन/बॅश^एम' नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो. 'कॅट -ए' ने बघा, ओळीच्या शेवटी ^एम$ दिसलं की डॉस-टू-युनिक्स चालवा.

सुडो (रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे अधिकार) लागतच असेल तर /ईटीसी/सुडोअर्स.डी मध्ये त्या एकाच स्क्रिप्टपुरती नो-पासवर्डची ओळ घाला. ती स्क्रिप्ट रूटच्या मालकीची आणि फ्रॅपेला न लिहिता येणारी हवी, नाहीतर कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं. स्क्रिप्ट एससीपीने फाइल आणत असेल तर पहिल्या वेळी 'यस की नो' असा प्रश्न येतो, तो कोणाला दिसत नाही आणि काम लटकून राहू शकतं. 'बॅचमोड=यस' द्या, म्हणजे लटकण्याऐवजी सरळ एरर येईल. एसएसएचची किल्ली प्रत्येक युजरची वेगळी असते हेही इथेच आठवा.

ईआरपीनेक्स्टच्या स्वतःच्या खोडी

सर्व्हर स्क्रिप्टमध्ये (ईआरपीनेक्स्टच्या आतच लिहायच्या स्क्रिप्टमध्ये) इम्पोर्ट लिहिलं की '__इम्पोर्ट__ नॉट फाउंड' येतं. हा बिघाड नाही, मुद्दाम घातलेलं कुंपण आहे. तिथला पायथन रिस्ट्रिक्टेड असतो, त्यात ओएस नाही, सबप्रोसेस नाही. आवृत्ती १५ पासून तर सर्व्हर स्क्रिप्ट मुळातच बंद असतात, बेंचच्या सामाईक कॉन्फिगमध्ये सुरू कराव्या लागतात. बाहेरची स्क्रिप्ट चालवायची असेल तर स्वतःचं छोटं कस्टम अ‍ॅप बनवून त्यात फंक्शन लिहा. कुंपणाला भोक पाडायचे उपाय सापडतात, पण पुढच्या अपडेटला ते बुजतात.

बटण दाबल्यावर स्क्रिप्ट थेट चालवली तर बेंचच्या नेहमीच्या मांडणीत तिच्याकडे १२० सेकंद असतात, मग वेब सर्व्हर हात झटकतो. २०० गाड्यांची आयात दोन मिनिटांत झाली तर ठीक, हंगामात होत नाही. म्हणून फ्रॅपेच्या (ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या फ्रेमवर्कच्या) एनक्यूने काम मागच्या रांगेत टाका. तिथेही मर्यादा आहेत: शॉर्ट आणि डिफॉल्ट रांगेला ३००, लाँगला १५०० सेकंद. जास्त लागणार असतील तर टाइमआउट स्वतः द्या.

एक त्रास मात्र चकवा देणारा आहे. पावती सेव्ह केली की स्क्रिप्ट सुरू व्हावी म्हणून काम ऑन-अपडेटला जोडलेलं असतं. दहातल्या आठ वेळा चालतं, दोन वेळा 'अशी पावती अस्तित्वात नाही' म्हणतं, आणि उघडून बघितलं तर पावती तिथेच असते. होतं असं की ऑन-अपडेट चालतं तेव्हा डेटाबेसमध्ये कमिट झालेलं, म्हणजे नोंद पक्की झालेली, नसतं. मागचा वर्कर (रांगेतली कामं करणारी प्रोसेस) मोकळा असेल तर तो कमिटच्या आधीच धावतो आणि त्याला पावती दिसत नाही. वर्कर कामात असेल तर तेवढ्यात कमिट होऊन जातं. म्हणजे सर्व्हर जितका रिकामा, तितकी एरर जास्त! 'एनक्यू आफ्टर कमिट' ट्रू करा. मध्ये स्लीप ५ टाकणं हा उपाय नव्हे.

आणि फाइल बदलली तरी जुनंच वागणं दिसत असेल तर बेंच रीस्टार्ट करा, वर्कर सुरू होताना वाचलेला कोडच धरून बसतो. शेड्यूलचं काहीच चालत नसेल तर 'बेंच डॉक्टर' बघा, शेड्यूलर बंद असेल किंवा वर्कर शून्य असतील तर तिथे दिसतं. सॅपवाल्यांसाठी एवढंच: एसएम६९ मध्ये नोंदवलेली बाहेरची कमांड तुमच्या नावाने नाही, सर्व्हरवरच्या सिस्टम-आयडी-एडीएम युजरने चालते. परवानग्या त्याच्या तपासा.

कापसाच्या हंगामातच का अडकते?

श्रावणात व्यवस्थित चालणारी स्क्रिप्ट दिवाळीनंतर, कापसाच्या गाड्यांची रांग लागली की अडकते. एरर नाही, सीपीयू शांत, प्रोसेस जिवंत. मेमरी वाढवतात, सर्व्हर बदलतात, फरक पडत नाही.

कारण पाइपात आहे. पायथनमधून पोपेन (बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करायची सोय) वापरून आउटपुटला पाइप लावला आणि नंतर नुसतं वेट म्हटलं, की स्क्रिप्ट आउटपुट पाइपात टाकत राहते आणि ते कोणी उपसत नाही. लिनक्सच्या पाइपात साधारणपणे ६४ किलोबाइट, म्हणजे ६५,५३६ बाइट मावतात. तो भरला की स्क्रिप्ट पुढची ओळ लिहिताना थांबते. पायथन तिच्या संपण्याची वाट बघतो, ती पाइप रिकामा होण्याची. दोघेही "आधी तुम्ही" म्हणत दारात उभे.

आता हिशोब करा. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. म्हणजे फक्त देवनागरी मजकूर असेल तर पाइपात २१,८४५ चिन्हं मावतात. स्क्रिप्ट प्रत्येक गाडीमागे शेतकऱ्याचं नाव, गाव आणि वजन अशी १०० चिन्हांची ओळ छापत असेल, तर सव्वादोनशे गाड्यांच्या आसपास ती अडकते. श्रावणात तेवढ्या गाड्या येतच नाहीत, म्हणून अडकत नाही.

उपाय: वेटऐवजी कम्युनिकेट वापरा, किंवा सरळ सबप्रोसेस.रन आणि त्यात कॅप्चर-आउटपुट व टाइमआउट. त्याहून बरं, आउटपुट पाइपात न घेता लॉग फाइलमध्ये वळवा. टाइमआउट लावूनही लटकत असेल तर शेल=ट्रू आहे का बघा. टाइमआउटला फक्त शेल (कमांडची ओळ वाचून चालवणारा प्रोग्रॅम) मारला जातो, शेलने सुरू केलेली खरी स्क्रिप्ट पाइप धरून जिवंत राहते आणि रन तिच्यासाठी थांबूनच राहतं. कमांड एका ओळीत न लिहिता यादी म्हणून द्या आणि शेल=ट्रू काढून टाका. त्याने आणखी एक धोका टळतो: पार्टीच्या नावात अर्धविराम किंवा अवतरणचिन्ह आलं तर शेल त्याचा अर्थ कमांड असा लावतो. नाव कोणी वाईट हेतूने टाकायलाच हवं असं नाही, ऑपरेटरची चुकून दाबली गेलेली कळ पुरते.

देवनागरी नाव आलं की मरते

हे मुख्यतः विंडोजवरचं. काळ्या खिडकीत पायथन स्क्रिप्ट नावं नीट छापते. तीच सॉफ्टवेअरमधून चालवली की 'चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड' म्हणून पडते. पायथन ३.६ पासून कन्सोलवर युनिकोड जातं, पण आउटपुट फाइलकडे किंवा पाइपाकडे वळलं की तो विंडोजची जुनी कोडपेज (अक्षरांचा तक्ता) घेतो, आपल्याकडे बहुधा १२५२, आणि तिच्यात देवनागरी नाहीच. पायथन-युटीएफ८ हे व्हेरिएबल १ करा (३.७ पासून चालतं) आणि प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग लिहा.

सीएसव्ही एक्सेलमधून 'युटीएफ-८' म्हणून सेव्ह केली असेल तर तिच्या तोंडाशी बीओएमचे (मजकूर युटीएफ-८ आहे हे सांगणाऱ्या खुणेचे) ३ अदृश्य बाइट असतात. मग 'पावती क्रमांक' हा पहिला रकाना समोर दिसत असूनही स्क्रिप्टला सापडत नाही. वाचताना एन्कोडिंग 'युटीएफ-८-एसआयजी' द्या, बाइट असोत-नसोत, दोन्ही चालतं.

लाईट गेली, आली, आणि मग चालेना

लाईट जाण्याने होणारे घोळ तीन प्रकारचे.

पहिला लॉकचा. दोन प्रती एकदम चालू नयेत म्हणून स्क्रिप्ट 'चालू.लॉक' नावाची फाइल बनवते आणि शेवटी पुसते. मध्येच लाईट गेली की पुसायला कोणी उरत नाही, आणि नंतरची प्रत्येक प्रत "आधीची चालू आहे" म्हणून परत फिरते. रोज सकाळी एक माणूस ती फाइल हाताने पुसतो, हाच तिथला 'उपाय' होऊन बसतो. फ्लॉक वापरा:

फ्लॉक -एन /व्हार/लॉक/काटा.लॉक /ऑप्ट/काटा/आयात.एसएच

हे कुलूप कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे असतं. प्रोसेस मेली किंवा मशीन बंद पडलं की आपोआप सुटतं. फाइल तिथे राहिली तरी हरकत नाही.

दुसरा अर्ध्या फाइलीचा. काट्याचं सॉफ्टवेअर लिहीत असतानाच स्क्रिप्टने सीएसव्ही उचलली तर शेवटची गाडी अर्धी येते, भरलेलं वजन आहे पण रिकामं नाही. लिहिताना 'आज.टीएमपी' नाव ठेवून पूर्ण झाल्यावर नाव बदलावं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, पण दोन्ही नावं एकाच ड्राइव्हवर असतील तरच. काट्याचं सॉफ्टवेअर बदलता येत नसेल तर फाइलीचा आकार १० सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा आणि सारखा असेल तरच उचला.

तिसरा कोणाला सुचत नाही. काट्यावरचा पीसी यूपीएसवर असतो आणि यूपीएसची यूएसबी वायर पीसीला जोडलेली असते. विंडोज त्या यूपीएसला बॅटरी समजतं. टास्क शेड्यूलरमध्ये 'एसी पॉवरवर असेल तरच सुरू कर' आणि 'बॅटरीवर गेला तर थांबव' या दोन्ही खुणा मुळातच असतात. लाईट गेली की पीसी चालू, काटा चालू, टास्क बंद. कंडिशन्सच्या टॅबमध्ये जाऊन दोन्ही खुणा काढा.

टास्क शेड्यूलरची आणखी एक डिफॉल्ट जोडी बघून घ्या: 'आधीची चालू असेल तर नवी सुरू करू नको' आणि '३ दिवसांपेक्षा जास्त चालली तर थांबव'. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी एक प्रत लटकली तर सोमवार संध्याकाळपर्यंत एकही नवी सुरू होत नाही. लास्ट रन रिझल्टमध्ये ०एक्स४१३०१ दिसतं, अर्थ 'सध्या चालू आहे', आणि बघणारा समाधानाने खिडकी बंद करतो. ३ दिवसांची मर्यादा १ तासावर आणा. लटकण्याचं कारण बहुतेक वेळा न दिसणारी खिडकी असते: एक्सेल उघडून काम करणारी स्क्रिप्ट, आणि एक्सेल "बदल सेव्ह करू का?" विचारतंय. लॉगिन नसताना एक्सेल असं चालवणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही, तेव्हा फाइल थेट वाचणारी लायब्ररी वापरा. झेड ड्राइव्हही तिथे नसतो. मॅप केलेला ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसाचा असतो, म्हणून दुहेरी तिरक्या रेषेने सुरू होणारा नेटवर्क पाथ पूर्ण लिहा.

मध्यरात्रीनंतरच्या गाड्या आदल्या तारखेत

केळीचे ट्रक रात्री भरून निघतात आणि काट्यावर दीड-दोनला येतात. १५ तारखेला पहाटे २:१० चं वजन खरेदीत १४ तारखेला दिसतं, सकाळी ५:३० नंतरच्या गाड्या बरोबर येतात. ५:३० हा आकडा दिसला की पुढे शोधायची गरज नाही. भाड्याचा सर्व्हर यूटीसी वेळेवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आहे, तिथे अजून १४ तारखेचे रात्रीचे २०:४० झालेत. ईआरपीनेक्स्टची स्वतःची वेळ सिस्टम सेटिंग्जमधून येते म्हणून स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं, पण बाहेरची स्क्रिप्ट 'डेट' विचारते ती ऑपरेटिंग सिस्टमला. 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता' करा आणि नंतर क्रॉन (लिनक्सचा शेड्यूलर) रीस्टार्ट करायला विसरू नका, तो जुनीच वेळ धरून चालतो. खरं तर तारीख काट्याच्या पावतीवरचीच घ्यावी, सर्व्हरला विचारूच नये.

'यशस्वी' म्हणते, पण नोंद नाही

सॉफ्टवेअर स्क्रिप्टच्या बाहेर पडण्याच्या कोडवरून यश ठरवतं. ० म्हणजे यश. बॅश स्क्रिप्टचा कोड म्हणजे तिच्या शेवटच्या कमांडचा कोड, आणि शेवटची ओळ 'एको झालं' असेल तर वर काहीही कोसळो, कोड ० च. सुरुवातीला 'सेट -ई' आणि 'सेट -ओ पाइपफेल' घाला. १३७ आला तर मेमरी संपल्याने कर्नेलने मारल्याची शक्यता मोठी, डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या लॉगमध्ये) नोंद सापडेल.

टॅलीची गोष्ट वेगळी. नोंदी ९००० पोर्टवर एक्सएमएलने पाठवता तेव्हा टॅली उघडी आणि त्यात कंपनी लोड केलेली हवी. बंद असेल तर कनेक्शनच नाकारलं जातं, ते लगेच कळतं. पण लेजरचं नाव चुकलं तरी उत्तर एचटीटीपी २०० असंच येतं. खरी बातमी आतल्या मजकुरात असते: क्रिएटेड किती, एरर्स किती आणि लाइनएररमध्ये कारण. स्क्रिप्टने क्रिएटेड आणि अल्टर्ड यांची बेरीज पाठवलेल्या नोंदींशी ताडून बघावी, जुळली नाही तर १ देऊन बाहेर पडावं आणि तो लाइनएरर जसाच्या तसा लॉगमध्ये टाकावा.

पुन्हा चालवण्याआधी एक तपासा: तीच फाइल दोनदा गेली तर नोंद दोनदा होते का? होत असेल तर काट्याचा नंबर, पावती क्रमांक आणि तारीख मिळून एक किल्ली बनवा आणि ईआरपीनेक्स्टमध्ये तो रकाना युनिक करा. मग अर्ध्यात मेलेली आयात बिनधास्त पुन्हा चालवता येते, आधी गेलेल्या गाड्या ती स्वतःच नाकारते. फक्त त्या नकाराला चूक समजून स्क्रिप्टने तिथेच थांबू नये, पुढच्या ओळीवर जावं.